सर रिफ्रेशरला गेलेत

महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात शिकलेल्या माणसाने हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं असतं. "सर रिफ्रेशरला गेलेत." विद्यार्थ्यांच्या डिक्शनरीत याचा अर्थ एकच, तीन आठवडे लेक्चर ऑफ, चला कँटीनला. इंजिनिअरिंगवाल्यांकडे याच गोष्टीला एफडीपी म्हणतात, बाकी अर्थ तोच. तीन आठवड्यांनी सर परत येतात. हातात एक सर्टिफिकेट, एक नवी फोल्डरची पिशवी आणि त्याच जुन्या पिवळ्या पडलेल्या नोट्स. आपणही पुन्हा त्याच उतरवून घ्यायला लागतो.

तेव्हा कधी डोक्यात आलं नाही, पण आता दर सहा महिन्यांनी कंपनी आपल्याला कुठल्या ना कुठल्या ट्रेनिंगला बसवते तेव्हा प्रश्न पडतो. त्या तीन आठवड्यांत सरांचं नेमकं काय करतात? ही भानगड सुरू कोणी केली? आणि मुख्य म्हणजे, त्याने सर बरं शिकवायला लागतात का? गेले दोन वीकांत याच्या मागे लागलो होतो. जे हाती लागलं ते मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच रंजक निघालं, म्हणून हा पसारा.

सुरुवात एका विचित्र गोष्टीपासून करू. चौथीच्या पोराला भागाकार शिकवायचा तर मास्तरला डी.एड. लागतं. दहावीला शिकवायचं तर बी.एड. पण एम.ए. किंवा एम.एस्सी. होऊन जूनमध्ये निकाल लागलेला माणूस जुलैत शंभर-सव्वाशे पोरांच्या वर्गासमोर प्राध्यापक म्हणून उभा राहू शकतो, आणि त्याला शिकवायचं कसं हे कोणीही शिकवलेलं नसतं. नेट-सेट आहे, पण ती विषयाची आणि थोड्या सामान्य ज्ञानाची परीक्षा. वर्ग कसा सांभाळायचा याची नाही. हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. जगभर विद्यापीठांची जुनी समजूत हीच होती की ज्याला विषय येतो त्याला तो शिकवताही येतोच.

त्यामुळे प्राध्यापकाला आधार द्यायचा म्हणजे त्याला अभ्यासाला मोकळा वेळ द्यायचा, एवढीच कल्पना बरीच वर्षं होती. हार्वर्डने १८८० साली सबॅटिकल सुरू केली ती याच विचाराने. सहा वर्षं शिकवा, सातव्या वर्षी अभ्यासाला जा. आपल्याकडे त्याच सुमाराला, जानेवारी १८८५ मध्ये, पुण्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. तिथली व्यवस्था आणखी वेगळी. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षं ७५ रुपये महिन्यावर शिकवायचं व्रत घेत. गोखले इंग्रजी शिकवत, गणित शिकवत, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवत. टिळक सोसायटीतून बाहेर पडले तेव्हा गणिताला माणूस हवा म्हणून १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे आले. रघुनाथ परांजपे केंब्रिजला जाऊन १८९९ साली सीनियर रँग्लर झाले, असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय, आणि १९०२ मध्ये परत येऊन त्याच फर्ग्युसनचे प्राचार्य झाले.

वाचायला भारी वाटतं. पण नीट बघितलं तर ही सगळी इमारत माणसांच्या त्यागावर उभी होती. शिक्षकाची वाढ ही त्याची स्वतःची जबाबदारी. गोखले आणि परांजपे मिळतात तोवर हे चालतं. कॉलेजं वीसाची दोनशे आणि दोनशेची दोन हजार झाली की व्रतावर काम भागत नाही, सिस्टिम लागते. आपल्या भाषेत सांगायचं तर ही पद्धत स्केल होत नाही.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न समोर आला. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने हायस्कूल आणि इंटरमीजिएट कॉलेजच्या शिक्षकांसाठी विद्यापीठांनी उजळणी वर्ग घ्यावेत असं सुचवलं. 'रिफ्रेशर' हा शब्द आपल्या शिक्षणाच्या सरकारी कागदांत इतका जुना आहे. पण खरी हालचाल झाली ती वेगळ्याच कारणाने. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला घाम फुटला. आपले विज्ञानाचे शिक्षकच मागे पडलेत अशी ओरड झाली. तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९५३ पासूनच शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग चालवले होते, त्यांना आता धो धो पैसा मिळाला. तोच नमुना अमेरिकन मदतीने भारतात आला. १९६३ पासून उन्हाळ्याच्या सुट्टीत विज्ञान-गणिताच्या शिक्षकांसाठी समर इन्स्टिट्यूट सुरू झाल्या. आधी शाळांसाठी, मग कॉलेजांसाठी. रशियाने सोडलेल्या त्या बीप बीप करणाऱ्या गोळ्याचा परिणाम असा आपल्या गावातल्या बी.एस्सी.च्या वर्गापर्यंत पोचला.

आता माझ्या आवडीचा भाग. त्याच वर्षी, ऑगस्ट १९६३ मध्ये, आयआयटी कानपूरला आयबीएम १६२० हा कॉम्प्युटर आला. १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षं एमआयटी, प्रिन्स्टन, बर्कली वगैरे नऊ अमेरिकन संस्था मिळून कानपूरला उभं करत होत्या, त्या कार्यक्रमातून हे मशीन मिळालं. मशीनसोबत शिकवणारी माणसंही आली. पण कानपूरवाल्यांनी हुशारी अशी केली की मशीन कुलपात ठेवलं नाही. देशभरातल्या विद्यापीठांतल्या, प्रयोगशाळांतल्या आणि कंपन्यांतल्या लोकांना बोलावून त्यांनी छोटे, कसून घेतलेले कोर्स चालू केले. साधारण दहा दिवस. दिवसा फॉर्ट्रान शिका, मग स्वतः प्रोग्रॅम लिहा, कार्ड पंच करा, चालवा, चुकला की दुरुस्त करा. शिकवणाऱ्यांत व्ही. राजारामन होते. याच शिकवण्यातून त्यांचं प्रोग्रॅमिंगचं पुस्तक १९६९ मध्ये आलं, आणि पुढच्या कित्येक पिढ्या त्यांची पुस्तकं वाचूनच कॉम्प्युटर शिकल्या. आपण आज ज्या धंद्यावर होमलोनचे हप्ते भरतो त्याच्या मुळाशी हे असले दहा दिवसांचे कोर्स आहेत, हे माहीत असलेलं बरं.

हे कोर्स का चालले असतील? मला तीन कारणं दिसतात. एक, येणाऱ्याला गरज होती, त्याच्या संशोधनात गणितं अडली होती. दोन, शिकवलेलं त्याच दिवशी हाताने करून बघता येत होतं. तीन, सर्टिफिकेटवर काहीही अवलंबून नव्हतं. प्रमोशन नाही, पगारवाढ नाही. हे तिसरं कारण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९६६ साली कोठारी आयोगाचा अहवाल आला. त्यात स्पष्ट म्हटलं होतं की नव्याने लागलेल्या प्राध्यापकाला सुरुवातीलाच ओरिएंटेशन द्या, आणि मोठ्या विद्यापीठांत त्यासाठी कायमचं स्टाफ कॉलेज काढा. कल्पना सरळ होती. अमलात यायला वीस वर्षं लागली. सरकारी काम, दुसरं काय.

मधल्या काळात इंजिनिअरिंगवाल्यांचं थोडं बरं चाललं. पॉलिटेक्निकच्या शिक्षकांसाठी साठच्या दशकात भोपाळ, चंदीगड, कलकत्ता आणि मद्रास इथे चार प्रशिक्षण संस्था निघाल्या. आपला पश्चिम विभाग भोपाळकडे. आणि १९७० मध्ये डिग्री कॉलेजांसाठी क्वालिटी इम्प्रूव्हमेंट प्रोग्रॅम, म्हणजे क्यूआयपी, सुरू झाला. यात कॉलेजचा प्राध्यापक आपली नोकरी आणि पगार शाबूत ठेवून आयआयटी किंवा बंगलोरच्या इन्स्टिट्यूटला एम.टेक. किंवा पीएच.डी. करायला जातो आणि झाल्यावर आपल्या कॉलेजात परत येतो. कोर्स संपला की पुन्हा त्याच पोरांसमोर, पण आता हातात तीन वर्षं एका प्रश्नाशी झटल्याचा अनुभव.

यात गंमत अशी की क्यूआयपीत 'शिकवायचं कसं' हे फारसं शिकवतच नाहीत. तरी फरक पडतो, कारण माणूस पुन्हा एकदा विद्यार्थी होतो. असाइनमेंट रात्री दोनला पूर्ण करायची, गाईडच्या केबिनबाहेर ताटकळायचं, न समजलेलं समजलं म्हणून मान डोलवायची. हे सगळं तिशी-पस्तिशीत परत भोगलेला माणूस वर्गात जरा वेगळा वागतो.

पण १९८३ मध्ये महाराष्ट्रात वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि हिशोबच बदलला. एकदम ढीगभर कॉलेजं, ढीगभर जागा, आणि शिकवायला माणसं कुठून आणायची? काल बी.ई. झालेला आज लेक्चरर. तिथल्या व्यवस्थापनाच्या दृष्टीने एका लेक्चररला तीन वर्षं पगारी अभ्यासाला सोडणं म्हणजे शुद्ध तोटा. योजना कागदावर सगळ्यांना खुली, पण दारापर्यंत सोडणार कोण? प्रशिक्षणाची सगळ्यात मोठी किंमत फी नसते. तो माणूस नसताना त्याचे तास कोण घेणार, ही असते. हा मुद्दा पन्नास वर्षं जुना आहे आणि आजही तसाच आहे.

मग आलं १९८६. राजीव गांधींच्या काळातलं नवं शैक्षणिक धोरण. त्याच सुमाराला प्राध्यापकांच्या पगारासाठी नेमलेल्या मेहरोत्रा समितीचा अहवाल आला. दोन्ही मिळून जे झालं त्यातून १९८६-८७ मध्ये यूजीसीने विद्यापीठांत अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढायला सुरुवात केली. सुरुवातीला ४८ ठरली, पुढे वाढत ६६ झाली. आपल्याकडे पुणे, मुंबई, नागपूर, औरंगाबाद आणि गोव्यातही. कोठारींची वीस वर्षांपूर्वीची कल्पना शेवटी जमिनीवर उतरली.

नव्या माणसाला चार आठवड्यांचं ओरिएंटेशन, जुन्याला आपल्या विषयाचा तीन आठवड्यांचा रिफ्रेशर. ओरिएंटेशनचा आराखडा चार भागांचा: समाज आणि पर्यावरणाशी शिक्षणाचा संबंध, शिक्षणाचं तत्त्वज्ञान आणि अध्यापनशास्त्र, विषयातली नवी साधनं, आणि व्यवस्थापन व व्यक्तिमत्त्व विकास. कागदावर बघाल तर अजिबात वाईट नाही.

पण १९८७ च्या वेतनश्रेणीत एक कलम घातलं होतं. २२०० ते ४००० च्या श्रेणीतल्या लेक्चररला आठ वर्षांनी ३००० ते ५००० ची वरिष्ठ श्रेणी हवी असेल तर त्याने दोन रिफ्रेशर किंवा तत्सम कोर्स केलेले पाहिजेत. त्याच वर्षी देशभर प्राध्यापकांचा मोठा संप झाला होता, वातावरण तापलेलंच होतं. अशात प्रशिक्षण थेट पगाराला जोडलं गेलं.

यात सरकारचा हेतू वाईट होता असं मला बिलकुल वाटत नाही. उलट विचार करून बघा. हे कलम नसतं तर कुठल्या प्राचार्यांनी ऐन टर्ममध्ये माणूस सोडला असता? लातूरच्या किंवा गडचिरोलीच्या कॉलेजातल्या माणसाला हक्काने महिनाभर विद्यापीठात राहता आलं, ग्रंथालय बघता आलं, आपल्या विषयातली दुसरी चाळीस माणसं भेटली, ती या कलमामुळेच. एकट्याने एका विषयाचा डिपार्टमेंट चालवणाऱ्यासाठी ही भेट काही छोटी गोष्ट नाही.

पण दुसरी बाजूही आहे. आपल्याकडे एके काळी प्रोग्रॅमरचं काम किती ओळी लिहिल्या यावर मोजत. मग लोकांनी काय केलं? ओळी वाढवल्या :-) ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने १९७५ पासून एक नियम सांगतात. मोजमापालाच ध्येय केलं की ते मोजमाप कामाचं राहत नाही. हजेरी आणि सर्टिफिकेट हे ध्येय झालं, आणि कोर्स भरले. २०१० च्या यूजीसी नियमांत तर एपीआय आला. प्राध्यापकाच्या प्रत्येक हालचालीला गुण. दोन आठवड्यांच्या कोर्सला २०, एका आठवड्याच्या कोर्सला १०. ज्यांना खरंच शिकायचं होतं ते तेव्हाही शिकत होते, पण बाकीच्यांसाठी हे रेशन कार्डावर शिक्का मारून घेण्यासारखं झालं. २०१८ च्या नियमांनी ती गुणपद्धत बरीच सैल केली, पण कोर्स आणि बढती यांची गाठ काही सुटली नाही.

बरं, मग मूळ प्रश्न. प्रशिक्षणाने शिकवणं सुधारतं का?

सुधारतं. याचा चांगला पुरावा आहे, फक्त अटी लागू. ग्रॅहॅम गिब्ज आणि मार्टिन कॉफी यांनी २००४ मध्ये आठ देशांतल्या २२ विद्यापीठांचा अभ्यास छापला. नव्या प्राध्यापकांचं प्रशिक्षण ४ ते १८ महिने, रोजचं शिकवणं चालू ठेवून. वर्षभराने बघितलं तर प्रशिक्षित मंडळी विद्यार्थ्यांना काय समजतंय याकडे जास्त लक्ष द्यायला लागली होती आणि त्यांचे विद्यार्थीही घोकंपट्टीपासून थोडे दूर सरकले होते. ज्यांना काहीच प्रशिक्षण मिळालं नव्हतं त्यांच्यात एकतर बदल नव्हता किंवा ते उलट्या दिशेने गेले होते. हे वाचून मी थांबलो. म्हणजे आधार दिला नाही तर माणूस आहे तिथेच राहतो असं नाही, तो मागेही जाऊ शकतो. कारण उघड आहे. नवा माणूस उत्साहाने येतो, आणि महिन्याभरात डिपार्टमेंटमधले सीनियर सांगतात, "अहो, हे प्रयोग राहू द्या, आधी पोर्शन संपवा."

दुसरा पुरावा २०११ चा, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातला. पहिल्या वर्षाच्या फिजिक्सचे दोन मोठे वर्ग, प्रत्येकी साधारण २७० विद्यार्थी. एका आठवड्यापुरता एक वर्ग अनुभवी, विद्यार्थ्यांत चांगलं नाव असलेल्या प्राध्यापकाकडेच ठेवला. दुसरा दिला शिकवण्याचा फारसा अनुभव नसलेल्या पण नव्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडे. आधी वाचून या, वर्गात प्रश्न, आपसांत चर्चा, लगेच फीडबॅक. आठवड्याने दोन्ही वर्गांची एकच चाचणी घेतली. अनुभवी सरांच्या वर्गाची सरासरी ४१ टक्के, नवख्याच्या वर्गाची ७४. यामागे नोबेलविजेते कार्ल वीमन यांचा गट होता. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हा फक्त एका आठवड्याचा प्रयोग होता, आणि शिकवणारी मंडळी हीच प्रयोग करणारी होती. त्यामुळे आकडा डोळे मिटून घेऊ नका. तरी एवढं नक्की म्हणता येतं की शिकवण्याची वर्षं आणि शिकवण्याचं कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी शिकता येते.

आता हे दोन्ही आपल्या इतिहासाशेजारी ठेवून बघा. जिथे फरक पडला तिथे प्रशिक्षण वर्गाला चिकटून होतं. सोमवारी शिकलं, मंगळवारी वर्गात करून बघितलं, फसलं, गुरुवारी कोणाला तरी विचारलं. कानपूरला रोज मशीन समोर होतं. आपला रिफ्रेशर मात्र वर्गापासून तोडून काढलेला. तीन आठवडे चाळीस व्याख्यानं ऐकायची, त्यातली काही तर 'व्याख्यान पद्धतीच्या मर्यादा' या विषयावर, आणि परत गेल्यावर ते वापरलं की नाही हे कोणीही विचारायला येत नाही. टेस्ट न करता कोड प्रॉडक्शनला टाकून पुढच्या प्रोजेक्टला निघून जाण्यासारखं आहे हे.

हे ओळखलेली माणसं आपल्याकडेही होती. २००९ नंतर आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक आणि मंडळींनी एकाच वेळी हजार-हजार, पुढे दहा हजार इंजिनिअरिंग शिक्षकांना शिकवायचा घाट घातला. आधी ठिकठिकाणच्या केंद्रांच्या समन्वयकांना पवईला बोलावून तयार करायचं, मग मुख्य कार्यशाळा इंटरनेटवरून थेट त्या केंद्रांवर, आणि प्रात्यक्षिकं स्थानिक समन्वयकाच्या देखरेखीखाली. प्राध्यापकाने जवळच्या कॉलेजात जायचं, आपल्याच भागातल्या माणसांबरोबर शिकायचं. परत गेल्यावर अडलं तर फोन करायला कोणीतरी ओळखीचं असतं. दिसायला लहान गोष्ट आहे, पण बाकीच्या योजनांत नेमकी हीच राहून गेली.

पुढे पाट्या बदलत गेल्या. २०१५ मध्ये स्टाफ कॉलेजांची ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट सेंटर झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये मालवीय मिशन आलं, केंद्रं १११ झाली, आणि बराचसा कारभार ऑनलाइन गेला. ऑनलाइनमुळे तास बुडायचा जुना प्रश्न थोडा सुटतो हे खरं. पण कॅमेरा बंद ठेवून कोर्सला 'हजर' कसं राहायचं हे २०२० पासून आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे, प्राध्यापक काही वेगळ्या मातीचे नाहीत.

शेवटी एक गोष्ट, जी मला या सगळ्यात जास्त टोचली. हे सगळे नियम, बढत्या, रिफ्रेशर, ज्यांची नोकरी कायम आहे त्यांना डोळ्यासमोर ठेवून बनले. पण आज महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांत वर्ग ओढून नेतात ती तासिका तत्त्वावरची मंडळी. जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. अशा माणसाने दोन आठवड्यांचा कोर्स करायचा म्हणजे दोन आठवड्यांचं उत्पन्न सोडायचं, आणि बदल्यात मिळणाऱ्या सर्टिफिकेटने चढायला त्याच्यापुढे शिडीच नाही. गिब्ज-कॉफींच्या अभ्यासात मागे गेलेला गट आठवा. बहुतेकदा वयाने सर्वात तरुण, शिकवायला सर्वात उत्सुक, आणि आधार शून्य. पहिल्या वर्षाच्या पोरांच्या वाट्याला बऱ्याचदा हेच शिक्षक येतात.

फर्ग्युसनमध्ये ७५ रुपयांवर राहणाऱ्यांना निदान वीस वर्षांची खात्री होती आणि शेजारच्या खोलीत गोखले होते. तासिकावाल्या सरांना मार्चनंतर आपण इथे असू का हेही माहीत नसतं. पुढची केंद्रं, पुढची पोर्टलं काढताना आधी त्यांचे ते दोन आठवडे पगारी केले, तरी एकशे चाळीस वर्षांत राहून गेलेलं एक काम होईल.